नाडीवरचा पहारा

देवगिरीच्या यादवांचे स्मरण झाले की मराठी वाचकाच्या मनःचक्षूंपुढे अभेद्य दुर्ग, काळ्या पाषाणाची हेमाडपंती देवालये आणि रामदेवरायाच्या राज्याचा शोकपर्यवसायी अंत एवढेच उभे राहते. परंतु त्याच राजधानीच्या आश्रयाने तेराव्या शतकात मनुष्यदेह आणि त्याच्या व्याधी यांविषयी जो गंभीर विचार झाला, त्याची आठवण आज त्या दुर्गापासून अवघ्या चार-पाच कोसांवरच्या छत्रपती संभाजीनगरात वैद्यक शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही सहसा कोणी करून देत नाही. सिंघण यादवाच्या दरबारी दप्तराचे काम पाहणारा शार्ङ्गदेव हा मूळचा काश्मिरी घराण्यातला. त्याचा आजा भास्कर दक्षिणेत आला, पिता सोढल यादवांच्या सेवेत रुजू झाला, आणि नातवाने ‘संगीतरत्नाकर’ रचून देवगिरीचे नाव संगीताच्या इतिहासात चिरस्थायी केले. शार्ङ्गदेव वैद्यही होता. म्हणून या ग्रंथात स्वरांच्या विवेचनाआधी गर्भाची उत्पत्ती, धातू, नाड्या आणि हृदय यांचे वर्णन करणारे ‘पिंडोत्पत्ती’ नावाचे स्वतंत्र प्रकरण येते, आणि पुढे तालाला एक संपूर्ण अध्याय दिलेला आहे. देह आणि ताल हे दोन्ही विषय एकाच पुरुषाने इतक्या अधिकाराने हाताळले. मनगटात वाजणाऱ्या तालाची परीक्षा हा मात्र त्याचा विषय नव्हता.

पुढे महादेव आणि रामदेवराय यांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. धर्मशास्त्राचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध करून, राज्याचा जमाखर्च सांभाळून, हा मंत्री वैद्यकावर भाष्य करावयास बसत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काळच्या कारभारी वर्गाच्या बुद्धीचा आवाका कळतो. त्याच्या आश्रयाला असलेला वैयाकरण बोपदेव हा केशव नावाच्या वैद्याचा पुत्र. पित्याच्या ‘सिद्धमंत्रा’वर त्याने टीका केली आणि स्वतःचे वैद्यकग्रंथही रचले. पण नवल असे की चरक, सुश्रुत आणि वाग्भट या तिन्ही आधारस्तंभांत रोगपरीक्षेचे इतके सूक्ष्म विधी सांगितलेले असताना अंगठ्याच्या मुळाशी बोटे ठेवून नाडी पाहण्याचा विधी त्यांत नाही. तो प्रथम व्यवस्थित रूपात आढळतो तो शार्ङ्गधराच्या संहितेत (संगीतरत्नाकरकार शार्ङ्गदेवाहून हा वेगळा), आणि ही संहिता साधारणपणे देवगिरीच्या वैभवाच्या उतरत्या काळाच्या सुमारास, किंवा त्यानंतर थोड्याच काळाने, निर्माण झाली असे मानले जाते. तेव्हा आपण जिला अनादी समजतो ती नाडीपरीक्षा भारतीय वैद्यकाच्या दीर्घ आयुष्यात बरीच उशिरा आलेली आहे.

आली ती मात्र दृढमूल झाली. तर्जनी, मध्यमा आणि अनामिका ही तीन बोटे मनगटावर ठेवावीत. वाताची नाडी जळू किंवा सर्प यांच्या चालीने, पित्ताची कावळा किंवा बेडूक यांच्या चालीने, कफाची हंस किंवा पारवा यांच्या चालीने चालते. आणि जी थांबून थांबून चालते ती प्राणघातक, असा शार्ङ्गधराचा निर्णय. पुढे ‘योगरत्नाकर’ या महाराष्ट्रातल्या वैद्यघराण्यांत विशेष प्रचार पावलेल्या ग्रंथाने अष्टस्थान-परीक्षेत, म्हणजे रोग्याच्या आठ तपासण्यांत, नाडीला पहिला मान दिला. नाडी सकाळी पाहावी, रोगी जेवलेला नसावा, त्याला श्रम झालेले नसावेत, हे दंडक मराठवाड्यातल्या जुन्या वैद्यांनी अगदी अलीकडेपर्यंत पाळले. मला या दंडकांचे महत्त्व फार वाटते. कारण नाडी वेळेप्रमाणे पालटते आणि पाहण्याची वेळ चुकली तर पाहणेच चुकते, ही जाणीव त्यांच्या मुळाशी होती.

मलिक अंबराने १६१० साली खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली आणि १६५३ साली दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाने तिला आपले नाव दिले. त्या शहरात फौजफाटा, कारखाने आणि मनसबदार यांच्यामागोमाग हकीमही आले, आणि त्यांच्याबरोबर इब्न सीनाच्या ‘कानून’ची परंपरा आली. युनानी वैद्यक नाडीचे परीक्षण दहा अंगांनी करी : तिचा विस्तार, जोर, वेग, धमनीचा मऊपणा, तिच्यातील रक्ताची भर, ठोक्यांची समता आणि विषमता, विषमतेतही काही क्रम आहे की नाही, इत्यादी. हरिणासारखी उसळणारी, मुंगीसारखी सरपटणारी, लाटेसारखी, करवतीच्या दात्यांसारखी, असे तिचे प्रकार. आणि नाडीच्या मात्रांचे संगीताच्या मात्रांशी नाते आहे, हे तर इब्न सीनाने शार्ङ्गदेवाच्या दोन शतके आधी लिहून ठेवले होते. मोगली जनानखान्यात ही परीक्षा कशी चाले याचे वर्णन दिल्लीस राहिलेल्या बर्निए या फ्रेंच वैद्याने दिले आहे : डोक्यापासून पायांपर्यंत काश्मिरी शाल पांघरलेल्या हकिमाचा हात धरून खोजा त्याला आंधळ्याप्रमाणे आत नेई. इटालियन मनुची दख्खनेत शाहजादा शाह आलम याच्या पदरी वैद्य म्हणून राहिला. त्यालाही पडद्याबाहेर आलेल्या हाताखेरीज रोग्याचे दुसरे काही दिसत नसे. एका मनगटावर, काही पळे टेकलेल्या बोटांवर, सर्व निदानाचा भार. १७०७ साली औरंगजेबाचा देह खुलताबादेच्या मातीत ठेवला गेला, त्याच वर्षी इंग्लंडात जॉन फ्लॉयर याने मिनिटभर चालणारे नाडीचे घड्याळ प्रसिद्ध केले आणि ठोके मोजण्याची पाश्चात्त्य रीत सुरू झाली. तिथेही मुदत मिनिटाचीच राहिली.

वैद्य आणि हकीम या दोघांच्याही बोटांना बेताल नाडी ठाऊक होती. या दोघांनाही अर्धांगवायू ठाऊक होता. वैद्य त्याला पक्षाघात म्हणे व वाताचा प्रकोप माने, हकीम त्याला फालिज म्हणे व मेंदूतल्या बलगमाकडे, म्हणजे कफाकडे, बोट दाखवी, आणि खेड्यातला माणूस आजही ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतो. परंतु मनगटातली बेताल नाडी आणि उद्या निकामी होणारा हात यांच्यात कार्यकारणाचा धागा असू शकतो, हे कोणाच्याही ध्यानी आले नाही. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. युरोपलाही हे कळावयास विसावे शतक उजाडावे लागले. त्यातही जी बेतालता येते आणि जाते, जी पहाटे तासभर राहून वैद्य दारात येण्यापूर्वी नाहीशी होते, ती बोटांना सापडावी कशी? बोटांची सूक्ष्मता कमी नव्हती, पहाऱ्याची मुदत कमी होती. आणि या विषयाचा सारा इतिहास, माझ्या मते, ही मुदत वाढत जाण्याचा इतिहास आहे.

या इतिहासातले एक मोठे प्रकरण निजामाच्या मुलुखात घडले आणि ते आपल्याकडे जवळजवळ विस्मृतीत गेले आहे. औरंगाबाद सुभा ज्या वैद्यकखात्याच्या अंमलाखाली होता, त्याचे सूत्रधार एडवर्ड लॉरी हे हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन होते. क्लोरोफॉर्मने बेशुद्ध केलेला रोगी कधीकधी मेजावरच दगावे. तो श्वास बंद पडून दगावतो की हृदय बंद पडून, या वादाचा फैसला करण्यासाठी १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत दोन आयोग बसले. पहिल्याचा निष्कर्ष लंडनच्या ‘लॅन्सेट’ला पटला नाही, तेव्हा निजाम मीर महबूब अली खान यांनी आपल्या खजिन्यातून १००० पौंड देऊन त्या पत्राचा प्रतिनिधी हैदराबादेस बोलावला. आला तो लॉडर ब्रंटन, हृदयाच्या औषधांचा तत्कालीन श्रेष्ठ जाणकार. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले, आणि निर्णय लॉरींच्या बाजूने लागला : क्लोरोफॉर्म हृदयाला थेट थांबवत नाही, शस्त्रक्रियेच्या वेळी श्वासावर नजर ठेवावी, नाडीकडे पाहण्याचे प्रयोजन नाही. ज्या मुलुखात शतकानुशतके वैद्य आणि हकीम नाडीला रोगाची आद्य साक्षीदार मानत आले, त्याच मुलुखाच्या सरकारी वैद्यकाने तिची जबानी अग्राह्य ठरवली. श्वासावर लक्ष ठेवण्याचा लॉरींचा आग्रह योग्यच होता व त्याने पुष्कळ प्राण वाचले असतील. पण दुसरा अर्धा निर्णय चुकला होता. १९११ साली गुडमन लेव्ही याने दाखवून दिले की क्लोरोफॉर्मच्या सौम्य मात्रेतही हृदयाचे खालचे कप्पे अचानक थरथरू लागतात व मृत्यू ओढवतो. त्या संशोधनात लेव्हीचा सहकारी होता थॉमस लुईस. आणि आपल्या मुख्य विषयाचा धागा याच माणसाच्या हाती सापडतो.

लुईसपूर्वी जेम्स मॅकेंझी याचे नाव घेतले पाहिजे. लँकेशायरमधल्या बर्नली या गिरणगावात साधा दवाखाना चालवणाऱ्या या डॉक्टराने मनगटाची आणि मानेतल्या शिरेची स्पंदने कागदावर एकत्र उमटवणारे यंत्र वापरून एकाच रोग्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवण्याचा परिपाठ पाडला. हृदयाची मिट्रल झडप आकसलेल्या एका स्त्रीची नाडी जेव्हा कायमची बेताल झाली, तेव्हा मानेतल्या आलेखातून हृदयाच्या वरच्या कप्प्याची, अलिंदाची, लाट नाहीशी झाल्याचे त्याला दिसले. कारण त्याला उमगले नाही; परंतु एवढे तरी दिसले, ते तो वर्षानुवर्षे पाहत राहिला म्हणूनच. दरम्यान हॉलंडातल्या लायडन येथे विलेम आइंटहोवेन याने हृदयाच्या विजेचा आलेख, म्हणजे आजचा ईसीजी, काढणारा तारेचा विद्युन्मापक सिद्ध केला. सुमारे २७० किलो वजनाचे ते यंत्र चालवावयास पाच माणसे लागत आणि रोग्याला हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. १९०९ साली लुईसने याच यंत्राच्या साहाय्याने सिद्ध केले की मॅकेंझीची ती कायमची बेताल नाडी म्हणजे अलिंदाचे कंपन. आजचे डॉक्टर जिला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात ती अवस्था. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या रोथबर्गर आणि विंटरबर्ग यांनीही हाच निष्कर्ष काढला.

कंपन पावणारे अलिंद रक्त नीट पुढे ढकलत नाही, आणि डाव्या अलिंदाला कानाच्या पाळीसारखा जो आंधळा कप्पा असतो त्यात रक्त थबकते. हे समजावयास संभाजीनगरकराला दूर जावे लागत नाही. हर्सूलकडून मातीच्या नळांतून पाणचक्कीपर्यंत पाणी आणणारी जुनी नहर चालू होती तोवर पाणी निर्मळ राहिले. जिथे प्रवाह अडला तिथे गाळ बसला. अलिंदाच्या त्या कप्प्यात रक्ताची गुठळी अशीच धरते. एखाद्या ठोक्याबरोबर ती सुटते, मानेतल्या धमनीतून मेंदूत जाऊन अडकते, आणि भाकरी थापणारा हात परातीवरच लुळा पडतो. १९७८ साली अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाच्या दीर्घ पाहणीतून हा धोका अंकांत मांडला गेला : झडपेचा विकार नसलेल्या माणसातही या कंपनाने पक्षाघाताचा संभव पाचपटीहून अधिक वाढतो, आणि संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेली असेल तर सतरापट.

या दुसऱ्या आकड्याचा मराठवाड्याशी निकटचा संबंध आहे. १९५६ साली औरंगाबादेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. पाणचक्की आणि बीबीचा मकबरा यांच्या परिसरातले त्याचे रुग्णालय गावाच्या तोंडी ‘घाटी’ झाले, आणि जालना, बीड, परभणीपासून बुलढाण्यापर्यंतचा गोरगरीब रोगी तिथे येऊ लागला. बालपणी घसा धरून ताप येणे, सांधे सुजणे, आणि तरुण वयात मिट्रल झडप आकसणे हा क्रम दारिद्र्याच्या व दाटीवाटीच्या घरांतला. म्हणून आपल्याकडे अर्धांगवायूने पडलेल्यांत तिशी-पस्तिशीच्या स्त्रियाही असतात. अशा रोग्यांचे कंपन बहुधा कायमचे असते, ते दहा सेकंदांच्या ईसीजीच्या पट्टीतही दिसते, आणि रक्त गोठू न देणारी वॉर्फरिनची गोळी व रक्ताची नियमित तपासणी हा त्याचा मार्ग ठरलेला आहे. नवी औषधे निघाल्यावरही हा मार्ग बदललेला नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ पाहणीत, जिच्यात भारतातले रोगीही होते, झडपेच्या अशा रोग्यांना जुन्या पद्धतीच्या औषधानेच अधिक तारले.

कठीण प्रश्न दुसऱ्या रोग्याचा. साठी उलटलेला, झडप निरोगी असलेला, अर्धांगवायूने दाखल झालेला माणूस. मेंदूचे चित्र काढले, मानेच्या धमन्या पाहिल्या, ईसीजीची पट्टी काढली. सर्व ठीक, आणि कारण सापडत नाही. रक्तवाहिनी तुंबून होणाऱ्या पक्षाघातांपैकी सुमारे चतुर्थांश असेच अकारण वाटतात. कारण सापडले नाही तर ॲस्पिरिनच्या जातीची गोळी मिळते; कंपन सापडले तर रक्त गोठू न देणारे औषध मिळते व पक्षाघाताचा पुढचा झटका सुमारे दोन-तृतीयांशाने टळतो. म्हणजे एका नोंदीवर औषध पालटते, आणि ती नोंद दहा सेकंदांत हाती लागेलच असे नाही.

पहाऱ्याची मुदत वाढवण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत मोंटाना प्रांतातल्या नॉर्मन होल्टर या भौतिकशास्त्रज्ञाने केला. १९४९ साली, म्हणजे मराठवाडा निजामी अमलातून मुक्त झाल्याच्या पुढच्या वर्षी, त्याने हृदयाचा आलेख रेडिओने पाठवणारे यंत्र तयार केले. ते सुमारे ३८ किलोचे होते आणि पाठीवर बांधून हिंडावे लागे. १९६१ साली त्याने ‘सायन्स’मध्ये सुधारित पद्धत प्रसिद्ध केली, आणि यथावकाश कमरेला लटकणारी पेटी जगभर गेली. ती लावताना छातीचे केस काढून चिकटपट्ट्या बसवतात, वायरी सदऱ्याखालून घेतात, आंघोळ वर्ज्य करतात, आणि केव्हा जेवलात, केव्हा जिना चढलात, केव्हा धडधडले याची रोजनिशी लिहावयास सांगतात. चोवीस तासांनी पेटी परत. एका दिवसाचा हा पहारा पिढ्यान् पिढ्यांच्या क्षणिक नाडीपरीक्षेपुढे प्रचंडच होता. तरीही तो अपुरा आहे, हे २०१४ साली एकाच वेळी दोन ठिकाणांहून सिद्ध झाले.

कॅनडातल्या ‘एम्ब्रेस’ पाहणीत कारण न सापडलेल्या ५७२ रोग्यांपैकी काहींना पुन्हा एक दिवसाची पेटी लावली, काहींच्या छातीला तीस दिवस पट्टा बांधला. पेटीने ३.२ टक्क्यांत कंपन दाखवले, पट्ट्याने १६.१ टक्क्यांत. ‘क्रिस्टल एएफ’ या दुसऱ्या पाहणीत ४४१ रोगी होते. काडीएवढे यंत्र छातीच्या कातडीखाली बसवलेल्यांत सहा महिन्यांत ८.९ टक्के, तीन वर्षांत ३० टक्के. नेहमीच्या पद्धतीने पाहिलेल्यांत तीन वर्षांनंतरही फक्त ३ टक्के. दोन्ही गटांतले रोगी सारखेच होते, फरक होता तो पहाऱ्याच्या मुदतीत. याच काळात गळपट्टीच्या हाडाखाली चिकटवून आठ-चौदा दिवस विसरून जावी अशी पट्टी आली, आणि मनगटावर हिरवा प्रकाश टाकून नाडी टिपणारे घड्याळ आले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲपल हार्ट’ पाहणीत ४,१९,२९७ लोकांच्या मनगटांवर असे घड्याळ होते. बेताल नाडीचा इशारा मिळालेल्यांनी नंतर चिकटपट्टी लावली तेव्हा त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांतच कंपन आढळले. इशारे खोटे होते असा याचा अर्थ नव्हे. हा विकार येतो आणि जातो, याचेच ते प्रमाण. जिथे शार्ङ्गधराने बोटे ठेवावयास सांगितली, त्याच मनगटावर हे घड्याळ बसते. फक्त ते उठून जात नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण बाजारात या उपकरणांचा गाजावाजा फार आहे. ज्याला झटक्याचा धोका आहे पण कंपन असल्याचे ठाऊक नाही अशा माणसावर पहारा बसवून झटके टळतात काय, याचा शोध डेन्मार्कच्या ‘लूप’ पाहणीने सहा हजार वृद्धांवर घेतला. कंपन पुष्कळ सापडले, पण २०२१ साली आलेल्या निकालात झटके निश्चितपणे कमी झाल्याचे दिसले नाही. काही मिनिटांच्या कंपनाला रक्त पातळ करणारे औषध द्यावे की रक्तस्रावाचा धोका टाळावा, यावर तज्ज्ञांत अजून खल चालू आहे. घड्याळाचा इशारा म्हणजे निदान नव्हे, त्यावर ईसीजीची मोहोर उमटावी लागते. आणि घड्याळ गप्प राहिले म्हणून कंपन नाही, असेही नव्हे. परंतु ज्याला एकदा झटका येऊन गेला आहे त्याचा प्रश्न निराळा. त्याच्या बाबतीत दीर्घ पहारा ही चैन नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि तो कोणाला मिळतो? शहरातल्या मोठ्या खासगी रुग्णालयांत ज्याच्या खिशाला परवडते त्याला. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतले मृत्यू तपासून २०१५ साली प्रसिद्ध केले की त्या ग्रामीण भागात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण पक्षाघात हेच होते. सुमारे १४ टक्के मृत्यू एकट्या त्याचे. हा श्रीमंतांचा रोग, ही समजूत त्या नोंदीने मोडीत काढली. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तळहातावर मावणारे, मोबाइलवरून आलेख पाठवणारे ईसीजी यंत्र पूर्वीच सिद्ध केले आहे. तेव्हा गावोगावी नोंद घेण्याची विद्या आपल्याजवळ नाही, असे कोणी म्हणू नये. जिल्हा रुग्णालयांत काही दिवसांच्या पट्ट्यांची तजवीज करणे, आणि त्यांचे आलेख वाचणारी माणसे तैनात करणे, हे सरकारच्या आवाक्यातले काम आहे. ज्या मुलुखाच्या सत्ताधीशाने एका वैद्यकीय वादासाठी सातासमुद्रापलीकडचा तज्ज्ञ स्वखर्चाने आणवला, त्या मुलुखाने आज स्वतःच्या रोग्यांसाठी एवढे मागणे अवाजवी नाही.

तोवर वाचकाला एवढेच विनवणे आहे. घरात कोणाच्या अंगावरून वारं गेले असेल आणि कारण सापडले नाही असे सांगून सुटीचा कागद हाती ठेवला जात असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे : हृदयाचा ताल किती दिवस पाहिला? उत्तर ‘एक दिवस’ असे आले तर अधिक दिवसांची सोय कुठे होईल ते विचारावे, चालू असलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नये, आणि घरी रोज सकाळी रोग्याच्या मनगटावर तीन बोटे ठेवून मिनिटभर नाडी पाहावी. ती बेताल वाटली तर तिथीवार वहीत लिहून ठेवून ती वही डॉक्टरांना दाखवावी.